पोकळ गिटारीची पैज

जिंकला तर चष्मेवाल्याला एक वाक्य मिळणार होतं. "साडूभाऊ, मी हरलो." एवढंच, पण ते दंतवैद्याच्या तोंडून, माइकवर आणि सासऱ्यांच्या वाढदिवसाला, त्यांच्या देखत. हरला तर गिटार जाणार होती. दंतवैद्य ती आपल्या दिवाणखान्यात टांगणार आणि आल्यागेल्याला ती कुणाची होती ते सांगणार. व्यवहार आतबट्ट्याचा होता. पण साडूने डिवचल्यावर हिशेब कोण करतो?

गिटार इलेक्ट्रिक, पण पोकळ अंगाची. आतून रिकामी पेटी, पुढच्या बाजूला दोन लांबोडकी, नागमोडी भोकं. अशा गिटारीला एक खोड असते. आवाज वाढवला की स्पीकरमधून निघालेला सूर भोकांतून परत तिच्याच पोटात शिरतो, लाकूड थरथरतं आणि ती शेपटीवर पाय पडल्यासारखी केकाटते. दंतवैद्याची गिटार भरीव, फळीसारखी. ती कधी केकाटली नाही. "माझ्या खुर्चीत भूल न देताही कुणी इतकं ओरडत नाही," असं तो घरच्या प्रत्येक जेवणावळीत म्हणायचा. पैज एवढीच होती: वाढदिवसाला ती पूर्ण आवाजात वाजवायची आणि ती केकाटता कामा नये.

ही खोड मोडायला चष्मेवाल्याने गिटारीचं सगळं बदलून पाहिलं. तारांचा सूर पकडणारे पिकअप बदलले, तारा बदलल्या, तारांखालची घोडी बदलली. खुंट्या सोनेरी केल्या, बटणं शिंगाची बसवली. बटणांचा केकाटण्याशी काय संबंध, असं बायकोने विचारलं तेव्हा तो नुसता हसला. दुकानातले चष्म्याचे बारीक स्क्रूड्रायव्हर घरी आले आणि जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. घरची माणसं ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. गिटार दुरुस्त करणाऱ्याने एकदा सुचवून पाहिलं, "साहेब, भोकांत फडकं कोंबा. गप्प बसेल."

चष्मेवाला दुखावला. "तिथून ती श्वास घेते," तो म्हणाला, आणि त्याने आणखी एक पिकअप मागवला.

त्याची बायको ही घरातली धाकटी. दंतवैद्याला दिलेली ती थोरली. धाकटीचा हिशेब सरळ होता. नवरा हरला तर टेबल सुटणार, शिवाय गिटारीने अडवलेला खिडकीजवळचा कोपरा मिळणार. तिथे आपली विणकामाची खुर्ची मावते की नाही, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं. म्हणून पैजेत तिने मोडता घातला नाही. उलट तेलच ओतलं. "लावा की. का, भीती वाटते?"

वाढदिवसाच्या दिवशी हॉलच्या दारात थोरली उभी होती. तिने चष्मेवाल्याच्या हातातली गिटारीची पेटी जवळजवळ ओढूनच घेतली. "द्या इकडे, मी आत ठेवते. तुम्ही आधी बाबांना भेटा, मघापासून विचारतायत."

दंतवैद्य पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता. बुटांच्या वर त्याचे उघडे घोटे दिसत होते. धाकटीला ते लागलं. "भावजी, मी एवढे मोजे विणून दिले, ते घालायला लाज वाटते का?"

"घालूनच आलो होतो गं. कोटाखाली शोभत नाहीत म्हणून तुझ्या ताईने काढायला लावले. आमच्याकडे पायांचं खातंही तिच्याचकडे असतं."

चष्मेवाला स्टेजवर गेला. त्याने शिंगाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. दंतवैद्याने सगळ्यांना दिसेल अशा बेताने कानांत बोटं घातली. कोपऱ्यातली खुर्ची धाकटीला स्पष्ट दिसत होती.

गिटार केकाटली नाही. मऊ, गोल, मुरलेला आवाज आला. वाजवणारा स्वतःच क्षणभर दचकला, मग लगेच हे अपेक्षितच असल्यासारखं तोंड करून वाजवत राहिला. सासरे म्हणाले, "आणखी एक होऊन जाऊ दे." ते झाल्यावर दंतवैद्य माइकपाशी आला आणि स्वतःची दाढ स्वतःच उपटावी तसं ते वाक्य बोलला. हॉलभर टाळ्या पडल्या. धाकटीच्या हातांनीही वाजवल्या, ती नुसती बघत होती.

घरी आल्यावर चष्मेवाल्याने गिटार खिडकीच्या कोपऱ्यात ठेवली आणि जरा मागे सरकून पाहिली. "शेवटचा पिकअप. मी म्हणतच होतो." मग म्हणाला, "एकटी बरी दिसत नाही गं. हिला जोडीदार आणू या. पोकळच." आणि गिटारींची चित्रं बघायला आत गेला.

धाकटी गिटारीवरची धूळ पुसायला वाकली. भोकाच्या कडेला लाल धागा दिसला. तिने क्रोशाची सुई घालून ओढला. धाग्यामागून लाल टाचेचा काळा लोकरी मोजा बाहेर आला. दुसऱ्या भोकातून त्याचा जोडीदार.

तिने बहिणीला फोन लावला.

"सापडले का?" थोरलीने विचारलं.

"ताई, असं का केलंस?"

"मग काय करू? आमचे हे ती भिंतीवर टांगून स्वस्थ बसले असते असं वाटतं तुला? आठवड्यात खोलून बसले असते. मला माझं जेवणाचं टेबल हवंय, बाई." मग जरा मायेने म्हणाली, "पण विणतेस मात्र घट्ट हं. चमच्याच्या दांड्याने रेटावे लागले. वारंसुद्धा आत गेलं नाही."

वाक्य चष्मेवाल्याच्या पदरात पडलं, टेबल थोरलीला राहिलं. दंतवैद्याला मान खाली घालावी लागली, पण ती तर तो दिवसभर पेशंटांवर खालीच घालून असतो. धाकटीने दोन्ही मोजे पुन्हा भोकांत सारले, निदान घरात तरी केकाटायला नको म्हणून. ताट मांडीवर घेतलं. जेवण उरकून तिला नवा जोड विणायला घ्यायचा होता; येणारी गिटारही पोकळच होती.