पाऊण तासाची पाहणी

“घर साठ वर्षांचं आहे आणि मागच्या दोन खोल्या नंतर वाढवल्यात. मग नुसतं वरवर बघून भागणार नाही,” इंजिनिअर बाई फोनवर सांगत होत्या. “कपाटं हलवावी लागतील, एकदोन ठिकाणी फरशी उचलावी लागेल, छतावर चढावं लागेल. दोन दिवस जातील. आणि दहा दिवसांच्या आत मला यायला जमणार नाही.”

“बघतो आणि कळवतो,” असं म्हणून तपासनीसाने फोन ठेवला, तो न कळवण्यासाठीच.

हा तपासनीस म्हणजे पंपांच्या कारखान्यात तयार माल पास करणारा माणूस. केसभर फरक असला तरी पंप परत पाठवायचा, आणि कुणी गयावया केली तर वर चार शब्द सुनावायचा. तिथे त्याच्या सहीला सगळे टरकून असत. पण हे घर पाहिल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी आपलं टेबल कसं बसेल, हे त्याने पावलं टाकून मोजूनसुद्धा ठेवलं होतं. त्यात दलालाने कानावर घातलं की आणखी एक जोडपं घर बघून गेलंय. झालं, त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“येऊ देत ना बाई दहा दिवसांनी,” बायको म्हणाली. “इतकी वर्षं भाड्याच्या घरात काढली. दहा दिवसांनी काय बिघडतंय?”

“त्यांचं काय जातंय? दोष काढायचेच पैसे मिळतात त्यांना. आपल्याला घर घ्यायचंय, त्याचं पोस्टमॉर्टेम नाही करायचं.”

आपल्यालाही कारखाना नेमके त्याचेच पैसे देतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बायकोच्या मात्र आलं.

मग त्याने आणखी तिघांना फोन केले. काय काय तपासता, असं एकालाही विचारलं नाही. कधी येता, एवढंच विचारलं. “उद्या सकाळी,” असं जो म्हणाला, त्याला काम मिळालं.

पाहणीवाला आला तो पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टात. हा माणूस कुठल्याही छतावर चढणार नाही, हे बायकोने दारातच ओळखलं. घरमालकीण काकू सत्तरीच्या, निवृत्त नर्स. घर घेतल्यावर सहा वर्षांतच त्यांनी ते विकायला काढलं होतं. गुडघे दुखतात, असं त्या कारण सांगत. घराला एकही जिना नव्हता, पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. काकूंनी पाहणीवाल्याला जरा निरखून पाहिलं, “या” म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

तो खोल्याखोल्यांतून फिरला. ओळखीच्याचं दार वाजवावं तशा त्याने भिंती वाजवल्या. नळ सोडले, बंद केले. मागच्या खोलीत भिंत भरून कपाट होतं.

“हे हलवून बघता का?” बायको म्हणाली. “इथे कुबट वास येतोय.”

“घर बंद असलं की येतो वहिनी, तसा वास.”

“बंद कुठे आहे? काकू राहतात की इथे.”

पाहणीवाला हसला. त्याच्याबरोबर तपासनीसही हसला, त्याच्यापेक्षा जरा जास्तच.

“आणि छत?” तिने विचारलं.

“दिसतंय की खालून.”

पाऊण तासात सगळं उरकलं. “घर ठणठणीत आहे,” पुढच्या खोलीत येऊन पाहणीवाला म्हणाला. “असं घर एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.” काकू पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ग्लास त्याच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

अहवाल संध्याकाळीच आला. दोन पानं, त्यात अर्धं पान घराच्या दर्शनी भागाचा फोटो. कारखान्यात असला कागद कुणी आणला असता, तर तपासनीसाने तो त्याच्या अंगावर भिरकावला असता. इथे त्याने तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला.

“‘दिसणाऱ्या भागात दोष आढळला नाही’ म्हणजे काय?” बायकोने वाचून विचारलं.

“म्हणजे दोष नाही.”

आठवड्याच्या आत खरेदीखत झालं. बायकोची आयुष्यभराची शिल्लकही त्यातच गेली होती. सही करताना तिने पेन जरा उशिराच उचललं. त्याने मात्र झोकात, खाली दोन रेघा ओढून सही केली. काकूंनी आपली सही केली, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि अंगठ्याची शाई पुसत बाकावर बसल्या.

“आता तुमचा मुक्काम कुठे, काकू?” त्याने विचारलं. घर हातात आल्यामुळे त्याला सगळ्यांविषयी प्रेम दाटून आलं होतं.

“लेकीच्या घराजवळ लहानसा फ्लॅट बघितलाय. आधी पाहणी करून घेणार, मग घेणार.”

“मग आमच्याच माणसाला बोलवा ना.” त्याने खिशातून कार्ड काढून पुढे केलं. “उगाच खुसपटं काढत बसत नाही. एकदम भरवशाचा.”

काकूंनी कार्ड लांब धरून वाचलं. मग ते त्याला न देता त्याच्या बायकोच्या हातात ठेवलं.

“नको,” त्या शांतपणे म्हणाल्या. “हे घर घेताना आम्हीही त्यालाच आणलं होतं.”