कोणालाही सांगू नका

"आई, तुझ्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे आलेत ना, तेवढे सांग पटकन."

मशीनच्या पायडलवरचा पाय थांबला. नंबर अनोळखी होता. आवाज मात्र लेकीचा, हुबेहूब लेकीचा. म्हणूनच शिंपीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

गेल्या वर्षी त्यांनी मशीनची मोटर इंटरनेटवरून मागवली होती. पैसे क्षणात गेले. मोटर आलीच नाही, आणि दुकानाचा नंबरही बंद. तेव्हापासून मोबाइल किणकिणला तरी त्या आधी नंबर दोनदा वाचत.

"कसले आकडे?" त्यांनी कोरडेपणानं विचारलं.

"बसचं तिकीट काढतेय गं. माझी पर्स मारली कुणीतरी, फोनसकट. हा एका बाईंचा फोन आहे. तिकिटांच्या अ‍ॅपवर माझ्या जुन्या खात्यात तुझं डेबिट कार्ड अजून तसंच आहे, कॉलेजात असताना तूच घालून दिलेलं. त्यावरूनच भरतेय. लवकर सांग, बस सुटेल."

पर्स गेली, फोन गेला, परक्याचा मोबाइल, वर घाई. सगळं कसं मापात बेतलेलं! त्यांनी मेसेज उघडला. आकड्यांखाली लिहिलंच होतं, कोणालाही सांगू नका.

कोटाचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक कान टवकारून ऐकत होतं. "ठेवा हो फोन," ती बाई कुजबुजली. "हल्ली आवाजसुद्धा बनवतात."

शिंपीणबाईंनी ठेवला नाही. "माझी लेक ना तू? मग घरात तुला काय म्हणायचे?"

"भुंगी."

ते तर तिनं स्वतःच्या फोटोखाली लिहिलं होतं. साऱ्या जगाला ठाऊक.

"बाबा काय करायचे?"

"घड्याळं दुरुस्त करायचे. आई, वेळ नाहीये गं!"

हेही गल्लीतलं कुणीही सांगेल. गिऱ्हाईक बाईनं फोन बंद करायला हात पुढे केला. शिंपीणबाईंनी तो अडवला. आता एकच प्रश्न उरला होता आणि तो विचारायला जीभ रेटेना.

"आपण शेवटचं काय बोललो?"

पलीकडे नुसता गर्दीचा गलका. कुणीतरी गाड्या पुकारत होतं.

"आपण नाही बोललो," आवाज अगदी खाली आला. "तूच बोललीस. त्याच्याबरोबर गेलीस तर हे घर तुला मेलं, म्हणालीस. मी बराच वेळ जिन्यात थांबले होते. तू कडी काढलीस. मला बघितलंस. आणि पुन्हा लावलीस."

कडीचं त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"काय म्हणतेय?" गिऱ्हाईक बाईनं विचारलं. शिंपीणबाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली.

"तिकीट कुठलं काढतेयस?"

"तुझ्याकडचं."

चष्म्याची काच धूसर झाली होती. ती पदरानं पुसून त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. थोड्या वेळानं पलीकडून रडवेला आवाज आला, "आई, मुदत संपली. हे आकडे आता चालत नाहीत."

"मग दुसरे मागव," शिंपीणबाई म्हणाल्या. "कितीदाही मागव. मी इथेच आहे."