पाण्याची वही

“हे एवढं एक वाक्य काढा, काका,” ती म्हणाली.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. फुटबॉल क्लबच्या स्टेडियमला साठ वर्षं होत होती. त्यानिमित्त स्टेडियमचा इतिहास ते स्वतः लिहीत होते. टेबलावर कच्ची प्रत उघडी होती. बेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं : ‘माळ्याच्या बेफिकिरीमुळे मैदानात पाणी साचले आणि पाहुण्या संघाचा खेळाडू घसरून कायमचा जायबंदी झाला.’

तो माळी म्हणजे तिचे वडील. त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं होतं. आता त्यांना वारूनही दीड महिना झाला होता.

“अगं, घडलं ते लिहायला नको का?” सेक्रेटरी समजुतीने म्हणाले. माणूस लाखात एक होता, पण त्या दिवशी नळ चालू राहिला त्याला कोण काय करणार, असंही म्हणाले.

तिने पिशवीतून वही काढली. नळाला हात लावण्याआधी वडील त्यात तारीख, वेळ आणि मैदानाची बाजू लिहीत आणि कप्तानाची सही घेत. खेळाडू त्यावरून टिंगल करायचे. पाऊस आला की ढगाची सही घेतली का, म्हणून विचारायचे.

त्या सामन्याच्या सकाळची नोंद होती : ‘पाहुण्यांचा वेगवान गडी ज्या कडेने धावतो, ती दोन तास भिजवणे. कप्तानांचा हुकूम.’ खाली सही होती. तेव्हा संघाचे कप्तान हे सेक्रेटरीच होते.

त्यांनी चष्मा खाली ओढून सही पाहिली. मग त्यांनी विचारलं, ही वही आणखी कुणी पाहिली आहे का. कुणीच नाही, ती म्हणाली. वडील घरीही कधी बोलले नव्हते. तिलाच परवा पेटी आवरताना सापडली होती.

“फार अन्याय झाला गं त्याच्यावर.” त्यांचा आवाज खरंच कापरा झाला होता. “ते वाक्य जाईल. माझा शब्द आहे. वही मात्र इथेच ठेव. तिची जागा ट्रॉफ्यांशेजारी.”

तिने वही दोन्ही हातांनी त्यांना दिली.

महिन्याभराने पुस्तक टपालाने आलं. तिने दारातच बेचाळिसावं पान काढलं. सेक्रेटरींनी शब्द पाळला होता. ते वाक्य नव्हतं. त्या जागी दुसरं होतं : ‘त्या काळी मैदानाला माळी नव्हता; त्याची सारी निगा आम्ही खेळाडूच राखत असू.’