धुऱ्यापर्यंतचं तांबं

रामाकोना गावच्या संत्र्याच्या बागेत मोनालीनं धातू मोजणारं यंत्र मातीला टेकवलं आणि तांब्याचा आकडा परत वर चढला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशावरचा, तांबं दाखवणारा लाल डाग खोटा नव्हता. तिचे वरिष्ठ वीरेंद्र सर, त्यांनी नागपूरच्या कार्यालयातून कळवलं होतं, आज पक्कं सांग, ड्रिलिंगच्या प्रस्तावावर तुझंच नाव टाकू. नोकरीतला तिचा हा पहिलाच शोध.

सोबत तिचे बाबा होते, मोतीराम. त्यांची उभी हयात याच बागेत मजुरीत गेली होती. लेकीला तांबं सापडलं, हे सौंसरच्या बाजारात त्यांनी कुणाला सांगायचं ठेवलं नव्हतं. खड्डाही हट्टानं त्यांनीच खणला.

वरच्या वीतभर मातीत तांबंच तांबं; त्याखाली काही नाही. धुरा, म्हणजे बागेचा बांध, ओलांडून मोनाली शेजारच्या पडीत जमिनीत गेली, तर तिथंही नाही. खडकातलं तांबं काही कुणाचा धुरा पाळत नाही. मग तिनं झाडांच्या बुंध्यांकडे पाहिलं. बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून दरसाल लावलेला बोर्डोचा निळसर लेप पावसानं धुऊन मातीत उतरला होता. मोरचूद म्हणजे तांबंच की. संत्र्याच्या मुलखात जन्मलेली पोर, पण नकाशातला लाल रंग बघून हुरळली होती.

खोटं लिहिणं तिला जमणारं नव्हतं. बाबांना सांगणं त्याहून जड होतं. तरी सांगितलं, की हे तांबं जमिनीचं नाही, बोर्डोचं आहे, आता इथं ड्रिलिंग होणार नाही.

मोतीरामांनी एका बुंध्यावरच्या निळसर लेपावर हात फिरवला. मग म्हणाले, "इथं बोर्डो तं मीच लावत होतो, माय. तू शाळेत होती तवापासून."

"व्हय बाबा."

"मंग थे तुह्या यंत्राले दिसून राहिलं?"

"दिसून राहिलं. साऱ्या नकाशात लाल तेवढंच हाय."

या मजुरीवरच आपण शिकलो आणि बाबांना तसं कधी म्हटलंच नाही, हे मोनालीला लागलं. "तुमच्यामुळंच शिकली मी, बाबा," ती म्हणाली. मोतीराम लाजले, दुसरीकडे बघू लागले. थोड्या वेळानं त्यांनी नकाशा मागून घेतला आणि लाल डागावर बोट ठेवलं.

"साहेबाले सांगशीन ना, हे कोणाच्या हातचं हाय म्हणून?"