समोरचं गाव

“का सोडताय माझं शिंगरू?” काठी उगारून सुवार्ताबाई धावली.

गाढवीच्या शिंगराचं दावं सोडणारे दोघे ओढ्यापलीकडच्या गावच्या चर्चचे पंच निघाले. ते गाव तिच्या वाडीला ‘गाढववाडी’ म्हणायचं. विटा वाहायच्या असल्या तरच कुणी इकडे फिरकायचं.

“प्रभूला ह्याची गरज आहे, मावशी,” एक पंच हसून म्हणाले.

काठी हवेतच राहिली. शास्त्रात येशूच्या स्वारीसाठी गाढवीचं शिंगरू सोडणाऱ्या शिष्यांना त्याचा धनी हाच प्रश्न विचारतो आणि त्याला हेच उत्तर मिळतं. नकळत ती त्या धन्याचंच वाक्य बोलून गेली होती!

“पण झावळ्यांच्या रविवारी त्या स्वारीच्या मिरवणुकीला तुम्ही वरातीची घोडी आणता की दरवर्षी!”

“चर्चच्या नव्या पाळकांनी कान उपटले. शिंगरू आणायला प्रभूनं ‘समोरच्या गावात जा’ असं सांगितलं होतं, घोडेवाल्याकडे नव्हे. आमच्या समोर तुमचीच वाडी.”

सुवार्ताबाईनं काठी भिरकावली. पेटीतलं ठेवणीचं लुगडं काढून शिंगराच्या पाठीवर अंथरलं आणि दावं स्वतःच्या हातात घेतलं. मग अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक घातली,

“अगं ए, बाहेर या सगळ्या! आपली वाडी शास्त्रात आहे!”