ब्रशने लावलेलं तेल

बाबांचं कोलेस्टेरॉल अखेर एकशे साठवर आलं आणि त्याच दुपारी बाबा गेले. पहिली बातमी आईने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितली. दुसरीचा तिने अजून उल्लेख केलेला नाही.

आज बाबांचा दहावा. घाटावर पिंडाशेजारी त्यांचा आवडता पदार्थ ठेवायचा होता. आईने बटाट्याच्या फोडी ठेवल्या. ओव्हनमध्ये भाजलेल्या, एक चमचा तेल, तेही ब्रशने लावलेलं. सहा वर्षं बाबांनी ह्याच खाल्ल्या.

कठड्यावरच्या कावळ्याने पत्रावळीकडे पाहिलं आणि मान फिरवली. हुबेहूब बाबा.

"कावळा शिवल्याशिवाय त्यांना गती नाही," गुरुजी म्हणाले. "काहीतरी इच्छा राहिलीये. वचन द्या."

"बाबा, आईला मी सांभाळीन," ताई रडत म्हणाली. कावळा ढिम्म.

"बाबा, घर विकणार नाही," मी म्हणालो. ढिम्म.

शेवटी मी हळूच म्हटलं, "बाबा, उद्या तळलेल्या करू. भरपूर तेलात."

कावळा टुणकन पत्रावळीपाशी आला. त्याने चोच वाकवली.

"खोटी वचनं देऊ नकोस," आई म्हणाली. "माझ्या घरात तळणीची कढई चढणार नाही."

कावळा परत कठड्यावर.

आई निवृत्त मुख्याध्यापिका. तिने पदर सारखा केला, कावळ्याला हात जोडले.

"अहो, तरी आपण प्रकृतीचा विचार करून, आहे त्याच पदार्थास तातडीने स्पर्श करावा, ही नम्र विनंती."