मान्य

“ताई, पोरीच्या दुसऱ्या लग्नाचं तुमच्याशिवाय कुणाकडेच बोललो नव्हतो,” विमलताईंच्या वधूवर केंद्रात उभ्यानंच भोईटे म्हणाले. “मग पुनर्विवाहाच्या जाहिरातींचे फोन घरी कसे येतात?”

दोन्हीकडची पसंती कळल्याशिवाय विमलताईंनी मुलीचा पत्ता कधी सख्ख्या बहिणीलाही दिला नव्हता. भोईटे गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुबीनला बोलावलं.

“हा फुकटचा अँटीव्हायरस, काकू,” तो म्हणाला. “तुम्ही ऑनलाइन भरता ते सगळं वाचतो आणि विकतो. तुम्हीच ‘मान्य’वर क्लिक केलंत.”

“माझ्यापुरतं केलं असेल. या दोनशे मुलींच्या वतीनं मान्य म्हणणारी मी कोण?”

“काढून टाकतो. कुणाला कळणारही नाही.”

“काढ. पण कळणार सगळ्यांना.” त्यांनी नावांची जुनी वही उघडली.

“केंद्र बंद पडेल, काकू.”

“पडू दे.” त्यांनी पहिला नंबर भोईट्यांचाच लावला. “मी विमल तळेकर. तुमच्या मुलीची माहिती माझ्याच कॉम्प्युटरवरून फुटली. हव्या तेवढ्या शिव्या घाला. पण उद्या त्या अँटीव्हायरसच्या कंपनीविरुद्ध तक्रार देतेय, माझ्या सहीखाली तुमची सही हवी.”